मीजान हाती धरणारा विद्वान : अबू रैहान अल्-बिरूनी

कल्याण हे गाव फार जुने आहे. उल्हास नदीच्या खाडीवरील या बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात सापडतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणहून आलेल्या दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत सोनार आहेत, तसे लोहारही आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकाने हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारपेठांची नोंद केली, तीत कल्याणहून तांबे, शिसवाचे लाकूड आणि कापड बाहेर जाते असे त्याने नमूद केले. धातू पारखणे, तोलणे आणि त्याचे मोल ठरवणे हा या भूमीचा दीड-दोन हजार वर्षांचा व्यवहार आहे.

कल्याणच्या शेजारचे ठाणे अशाच आणखी एका ग्रंथात आढळते. इ.स. 1030 च्या सुमारास गझनी येथे लिहिल्या गेलेल्या एका अरबी ग्रंथात धार नगरीपासून दक्षिणेकडे जाणारा मार्ग दिला आहे. नर्मदेच्या पलीकडे मराठ्यांचा देश लागतो, तेथून 25 फरसख अंतरावर कोकण असून समुद्रकाठचे ठाणे ही त्याची राजधानी आहे, असा त्या वर्णनाचा आशय आहे. ग्रंथकर्ते स्वतः ठाण्याला किंवा कल्याणला कधीही आले नव्हते. पंजाबच्या पलीकडचा हिंदुस्थान त्यांनी पंडितांकडून, प्रवाशांकडून आणि पोथ्यांतून जाणून घेतला होता. तरीही त्यांनी नोंदवलेला क्रम व दिशा बरोबर आहे. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्-बिरूनी.

अल्-बिरूनी (रह.) यांना आपण खगोलशास्त्रज्ञ आणि हिंदुस्थानचे अभ्यासक म्हणून ओळखतो. परंतु ज्या शास्त्राला आज आपली मुले रसायनशास्त्र म्हणून शिकतात, त्याच्या पहिल्या धड्याशी त्यांचे नाते फार जवळचे आहे. द्रव्य म्हणजे काय, एक पदार्थ दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखावा आणि एखाद्या वस्तूविषयी आपण जे बोलतो ते खरे कशावरून, या प्रश्नांना त्यांनी तराजू हाती घेऊन उत्तरे शोधली. त्यांच्या जीवनाचा हा पैलू येथे मांडावयाचा आहे.

जन्म आणि शिक्षण

3 जिल्हिज्जा 362 हिजरी, म्हणजे 4 सप्टेंबर 973 रोजी ख्वारिज्म प्रांतातील काथ या शहराजवळ त्यांचा जन्म झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. शहराबाहेरच्या वस्तीत जन्मल्यामुळे त्यांना बिरूनी, म्हणजे बाहेरचा, असे संबोधले जाऊ लागले, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. वंशाचा किंवा संपत्तीचा आधार त्यांच्यापाशी नव्हता. मात्र अबू नस्र मन्सूर यांच्यासारखा गणितज्ञ गुरू त्यांना लाभला. अबू नस्र राजघराण्यातील होते, तरी त्यांनी या होतकरू मुलाला पुढे आणले आणि आयुष्यभर स्नेह राखला. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास या शिष्याने सूर्याची उंची मोजून आपल्या गावाचे अक्षांश काढले.

इ.स. 995 मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तेसाठी युद्ध पेटले. जुने राजघराणे संपले आणि बावीस वर्षांच्या अल्-बिरूनींना देश सोडावा लागला. काही काळ त्यांनी हलाखीत काढला. तरी अभ्यास सुटला नाही. इ.स. 997 च्या मे महिन्यात झालेले चंद्रग्रहण त्यांनी काथ येथून आणि त्यांच्याशी ठरवून अबुल वफा यांनी बगदादहून पाहिले. दोन्ही ठिकाणच्या वेळांतील फरकावरून दोन शहरांमधील रेखांशाचे अंतर काढण्यात आले. पुढे जुर्जानचा अमीर काबूस याच्या दरबारी असताना, इ.स. 1000 च्या सुमारास, त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या कालगणनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

बर्फाची बाटली आणि एक प्रश्न

याच तरुण वयात त्यांचा इब्ने सीना यांच्याशी पत्रव्यवहार झाला. इब्ने सीना त्यांच्याहून काही वर्षांनी लहान, पण बुद्धीने अत्यंत तल्लख होते. ॲरिस्टॉटलच्या मतांविषयी अल्-बिरूनींनी त्यांना अठरा प्रश्न पाठवले. त्यांतील दोन प्रश्न आजच्या कोणत्याही शाळकरी मुलाला आपले वाटतील. उष्णतेने वस्तू प्रसरण पावते आणि थंडीने आकुंचन पावते, हे खरे असेल, तर पाण्याने भरलेली बंद बाटली पाणी गोठल्यावर का फुटते? आणि बर्फ पाण्यावर का तरंगतो?

इब्ने सीना यांनी त्या काळच्या तत्त्वज्ञानानुसार उत्तरे दिली. अल्-बिरूनींचे समाधान अनेक ठिकाणी झाले नाही आणि त्यांनी उलट प्रश्न केले. आज आपल्याला ठाऊक आहे की पाणी गोठताना त्याचे कण एकमेकांपासून थोडे दूर राहतील अशी मोकळी रचना धारण करतात. त्यामुळे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, काच फुटते, आणि तेवढ्याच वजनाचा बर्फ अधिक जागा व्यापत असल्यामुळे पाण्यावर तरंगतो. हे उत्तर त्या दोघांपैकी कोणाजवळच नव्हते. परंतु डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि प्रतिष्ठित ग्रंथातील सिद्धान्त यांचा मेळ बसत नसेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे, ही वृत्ती अल्-बिरूनींपाशी होती. प्रश्न विचारताना त्यांनी ना ग्रंथाचा उपहास केला, ना डोळ्यांनी पाहिलेले नाकारले.

गझनीचा दरबार

नंतर ते मायदेशी परतले आणि ख्वारिज्मशाहाच्या दरबारात सल्लागार झाले. इ.स. 1017 मध्ये सुलतान महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांसह त्यांनाही गझनीला नेले. ते आपखुशीने गेले नव्हते. तथापि परक्या दरबारातील ही सक्तीची वस्तीही त्यांनी ज्ञानार्जनासाठी वापरली. किब्ल्याची दिशा अचूक ठरवता यावी म्हणून शहरांची स्थाने निश्चित करणारा ग्रंथ त्यांनी इ.स. 1025 मध्ये पूर्ण केला. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, हे मोजून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती आजच्या आकड्याच्या फार जवळ जाते.

याच काळातील एक प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. नमाजच्या वेळा ठरवण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले होते. त्यावर रोमन महिने कोरलेले असल्यामुळे मशिदीच्या मुअज्जिनने ते वापरण्यास नकार दिला, कारण त्याला ते परधर्मीयांचे अनुकरण वाटले. त्यावर अल्-बिरूनींनी त्याला अशा अर्थाचे उत्तर दिले की रोमन लोक अन्नही खातात, मग तेही सोडून द्यावे. बोलण्यात थट्टा असली तरी मुद्दा गंभीर होता. सूर्याची गती सर्वांसाठी एकच आहे. ती मोजण्याचे साधन कोणाच्याही हातून आले, तरी सत्य बदलत नाही आणि ते साधन इबादतीच्या सेवेत लावता येते.

द्रव्याचे वजन

आता त्यांच्या ज्या कार्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळू. धातू आणि रत्ने यांच्यातील आकारमानाच्या प्रमाणांवर त्यांनी एक छोटा प्रबंध लिहिला. त्यातील मोजमापे पुढे अल्-खाजिनी यांनी इ.स. 1121 च्या सुमारास लिहिलेल्या मीजानुल हिकमह या ग्रंथात जपून ठेवली.

विषय समजण्यासाठी आधी दोन साध्या व्याख्या पाहू. जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते, त्यास द्रव्य म्हणतात. दगड, दूध, हवा, सोने हे सर्व द्रव्य होय. प्रकाश आणि ध्वनी हे द्रव्य नव्हेत. द्रव्याचे काही गुणधर्म त्याच्या प्रमाणावर अवलंबून असतात. तांब्याचा मोठा हंडा जड असतो आणि छोटी वाटी हलकी असते, म्हणून केवळ वजनावरून तो तांब्याचा आहे की नाही हे सांगता येत नाही. परंतु काही गुणधर्म असे असतात की पदार्थ थोडा असो वा पुष्कळ, ते तेच राहतात. घनता हा असा गुणधर्म आहे. ठरावीक जागेत किती वस्तुमान सामावले आहे, हे घनता सांगते. शुद्ध तांब्याचा हंडा आणि शुद्ध तांब्याची वाटी यांची घनता एकच असते.

वजन तराजूने कळते, पण आकारमान कसे मोजावे? अंगठीसारख्या वाकड्यातिकड्या वस्तूची लांबी-रुंदी मोजता येत नाही. ग्रीक विद्वान आर्किमिडीज याने पूर्वीच दाखवले होते की पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते. अल्-बिरूनींनी या तत्त्वावर एक खास भांडे घडवले. त्याचा तळ रुंद आणि मान अरुंद असून ते शंकूच्या आकाराचे होते. मानेपासून एक बारीक नळी बाहेर काढून खाली वळवलेली होती. भांडे नळीच्या तोंडापर्यंत पाण्याने भरायचे, तोललेला धातू हळूच आत सोडायचा, आणि नळीतून बाहेर पडलेले पाणी थेट तराजूच्या पारड्यात घेऊन तोलायचे, अशी ही रीत होती.

मान अरुंद ठेवण्यामागे विचार होता. रुंद भांड्यात पाण्याची पातळी थोडी वाढली तरी ती लक्षात येत नाही, अरुंद मानेत ती लगेच दिसते. पण येथे एक अडचण आली. बारीक नळीत पाणी चिकटून राहू लागले आणि सगळे पाणी पारड्यात येईना. आज आपण याला पृष्ठताणाचा परिणाम म्हणतो. तो शब्द त्या काळी नव्हता, पण चूक कोठे होते आहे हे त्यांनी ओळखले आणि पाणी न अडखळता वाहील अशा रीतीने नळीची घडण बदलली. पाणी गरम की थंड, गोडे की खारे, यानेही वजनात फरक पडतो, हे जाणून त्यांनी तो फरकही मोजला.

सोन्याचे उदाहरण घेऊ. त्यांच्या नोंदीनुसार 100 मिस्काल सोने पाण्यात सोडले असता सुमारे सव्वापाच मिस्काल पाणी बाहेर पडते. 100 ला 5.25 ने भागले की 19.05 येतात, म्हणजे सोने पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड आहे. आज प्रयोगशाळेत हा आकडा 19.3 मिळतो. त्यांच्या मोजमापांनुसार पारा सुमारे 13.6, शिसे 11.3 ते 11.4, तांबे 8.8 ते 8.9, लोखंड 7.7 ते 7.8 आणि कथील 7.2 असे येते. आजचे आकडे अनुक्रमे 13.6, 11.3, 8.9, 7.9 आणि 7.3 असे आहेत. हजार वर्षांपूर्वी, हाताने घडवलेल्या भांड्याने आणि तराजूने हे साध्य झाले. धातू आणि रत्ने मिळून अठरा पदार्थ त्यांनी या रीतीने तपासले.

पितळेचाही त्यांत समावेश होता. ते तांब्याहून थोडे हलके भरले. याचे कारण असे की पितळ हे मूलद्रव्य नसून तांबे व जस्त यांचे संमिश्र आहे. जस्ताची घनता 7.1 आहे, म्हणून पितळ या दोहोंच्या दरम्यान येते. त्याचप्रमाणे सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळली की त्याची घनता खाली येते, आणि फसवणूक डोळ्यांना दिसली नाही तरी पाणी ती उघड करते.

हा प्रयोग घरी करता येतो. एक पेला काठोकाठ भरून ताटलीत ठेवावा. किराणा दुकानातील अर्ध्या किलोचे लोखंडी वजन दोऱ्याने बांधून त्यात हळूच पूर्ण बुडवावे. ताटलीत सांडलेले पाणी औषधाच्या मापाने मोजल्यास ते 65 ते 70 मिलीलिटरच्या आसपास भरेल. 500 ग्रॅमला त्या आकड्याने भागले की लोखंडाची घनता हाती येते. जकातीचा निसाबही याच दृष्टीने पाहता येईल. आपल्याकडील प्रचलित हिशेबानुसार साडेसात तोळे, म्हणजे सुमारे 87.5 ग्रॅम सोने हा निसाब धरला जातो. एवढे शुद्ध सोने केवळ साडेचार मिलीलिटर जागा व्यापते, म्हणजे चहाच्या चमच्यातही मावेल. साडेबावन्न तोळे चांदीला मात्र सुमारे 58 मिलीलिटर जागा लागते. मुलांना हा हिशेब करून दाखवला, तर घनता आणि जकात हे दोन्ही धडे एकाच वेळी मनात ठसतील.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. एकाच गुणधर्मावर विसंबणे धोक्याचे असते. टंगस्टन नावाच्या धातूची घनता जवळजवळ सोन्याएवढीच आहे, म्हणून केवळ पाण्याच्या परीक्षेने तो पकडला जात नाही. तेथे रंग, मऊपणा, वितळण्याचे तापमान आणि आम्लाचा परिणाम पाहावा लागतो. आपला सराफ सोने दगडावर घासून कस लावतो, ती अशीच आणखी एक परीक्षा होय. अल्-बिरूनींनीही रत्नांविषयीच्या आपल्या ग्रंथात रंग, कठीणपणा, वजन आणि खाणीचे ठिकाण अशा अनेक अंगांनी प्रत्येक वस्तूची ओळख करून दिली आहे.

पाचू, साप आणि किमया

रत्नांवरील तो ग्रंथ त्यांनी उतारवयात सुलतान मौदूदच्या कारकिर्दीत लिहिला. त्या काळी लोकांत एक समजूत पक्की रुजलेली होती की पाचू पाहताच विषारी सापाचे डोळे फुटतात. मोठमोठ्या ग्रंथकारांनी ती लिहून ठेवली होती. अल्-बिरूनींनी ती तपासण्याचे ठरवले. त्यांनी सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, त्याच्यासमोर पाचू हलवून पाहिले. उन्हाळा-हिवाळा धरून सुमारे नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. त्यांनी जसे पाहिले तसे लिहिले.

आजही आपल्या समाजात अमुक खडा अंगठीत घातल्याने रोजी वाढते, तमुक खड्याने आजार जातो, असे सांगून गरीब माणसाच्या कष्टाचा पैसा उकळला जातो. लाभ आणि हानी अल्लाहच्या हाती आहे, हा आपला अकीदा आहे. दगड हे अल्लाहने निर्माण केलेले द्रव्य असून त्याला रंग, घनता आणि कठीणपणा दिलेला आहे. त्यापलीकडची शक्ती त्याला चिकटवणे हे दगडाविषयी खोटे बोलणे आहे आणि अल्लाहविषयीचे अज्ञानही आहे.

किमयेविषयी त्यांची भूमिका अशीच स्पष्ट होती. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मुस्लिम जगतात किमया या नावाखाली दोन गोष्टी चालत असत. एकीकडे जाबिर बिन हय्यान यांच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांतून आणि अबू बक्र राजी यांच्या लेखनातून ऊर्ध्वपातन, गाळणे, स्फटिक बनवणे यांसारख्या क्रिया विकसित झाल्या. केमिस्ट्री, अल्कली आणि अल्कोहोल हे शब्द अरबीतून युरोपात गेले, ते याच परंपरेमुळे. दुसरीकडे शिशाचे किंवा तांब्याचे सोने करण्याचा दावा करणारे होते. अल्-बिरूनींनी पहिल्या प्रकारच्या ज्ञानाचा मान राखला आणि दुसऱ्या प्रकाराला फसवणुकीच्या रांगेत बसवले. हिंदुस्थानात रसायनविद्या या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कथाही त्यांनी नोंदवल्या आणि सोन्याच्या लोभाने अज्ञानी राजे कोणत्या थराला जाऊ शकतात, याविषयी कठोर शब्दांत खेद व्यक्त केला. सोने आणि शिसे ही भिन्न मूलद्रव्ये आहेत, भट्टीतील कोणत्याही रासायनिक क्रियेने एका मूलद्रव्याचे दुसरे होत नाही, हे आज शाळेत शिकवले जाते. तरी दागिने दुप्पट करून देतो असे सांगणारा भामटा दारी आला की शिकलेली माणसेही फसतात.

माणसांचे वजन

ज्या तराजूने त्यांनी धातू तोलले, त्याच तराजूने त्यांनी माणसांचेही मोल केले. त्यांनी संस्कृत शिकून घेतली, पतंजलीचा योगविषयक ग्रंथ अरबीत आणला आणि हिंदूंच्या श्रद्धा, शास्त्रे व चालीरीती यांवर किताबुल हिंद लिहिली. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कुरआनच्या त्या आदेशाची आठवण दिली आहे, ज्यात स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी सत्य साक्ष द्या, असे श्रद्धावंतांना सांगितले आहे. हिंदूंच्या मतांशी ते सहमत नव्हते, पण ती मते त्यांनी विपर्यास न करता मांडली. ज्या सुलतानाच्या राज्यात ते राहत होते, त्या महमूदाच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानच्या समृद्धीची धूळधाण झाली आणि तेथील लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तीव्र तिटकारा निर्माण झाला, हेही त्यांनी लपवले नाही. राजाच्या सावलीत बसून हे लिहिणे सोपे नव्हते.

येथेच त्यांच्या जीवनाचे मर्म सापडते. सूरह अर्-रहमानमध्ये आकाश उंच करण्याचा आणि मीजान स्थापन करण्याचा उल्लेख एकत्र आला आहे, आणि तोलात अतिक्रमण न करण्याची ताकीद दिली आहे. सूरह अल्-हदीदमध्ये ग्रंथ, मीजान आणि लोखंड यांचा उल्लेख एकाच आयतीत येतो. घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा विनाश सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभीच सांगितला आहे. आपण या आयती दुकानदाराला लागू करतो, आणि ते योग्यच आहे. पण वस्तूविषयी, माणसांविषयी आणि भूतकाळाविषयी बोलतानाही आपण काही तरी तोलत असतो. न तपासलेली बातमी पुढे पाठवणे, दुसऱ्या समाजाविषयी ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगणे, आणि आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वात नसलेली भर घालणे, हे सर्व कमी मापाचेच प्रकार आहेत. अल्-बिरूनींनी आर्किमिडीजचे तत्त्व आपले म्हणून सांगितले नाही आणि राजी यांच्या ग्रंथांची सूची स्वतः तयार करून त्यांचे श्रेय त्यांना दिले. आपणही त्यांच्याविषयी तेवढेच सांगावे, जेवढे खरे आहे. तेवढेच पुष्कळ आहे.

अखेरचा धडा

सुलतान मसऊदला अर्पण केलेल्या खगोलशास्त्रावरील महाग्रंथाबद्दल त्याने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि अल्-बिरूनींनी आपल्याला तिची गरज नाही असे कळवून ती परत केली, असे चरित्रकार सांगतात. चांदीची घनता मोजणाऱ्या या माणसाला तिचे खरे वजन ठाऊक होते. चांद्र वर्षांनुसार वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर, दृष्टी आणि श्रवणशक्ती क्षीण झाली असताना, एका सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी औषधी द्रव्यांवरील आपला शेवटचा मोठा ग्रंथ रचला. त्यात वनस्पतींची व औषधांची नावे अनेक भाषांतून दिलेली आहेत, जेणेकरून एका औषधाऐवजी दुसरे दिले जाऊन कोणाचा जीव धोक्यात येऊ नये.

याकूत अल्-हमवी यांनी त्यांच्या अखेरच्या दिवसाची हकीकत दिली आहे. एक फकीह त्यांना भेटावयास गेले, तेव्हा अल्-बिरूनींचा श्वास घशात अडखळत होता. तशा अवस्थेत त्यांनी वारसाहक्कातील, आईकडील आजीच्या वाट्यासंबंधीचा एक मसला विचारला. पाहुण्यांना त्यांची दया आली आणि ही वेळ त्या चर्चेची नव्हे असे त्यांनी सुचवले. अल्-बिरूनींचे म्हणणे असे होते की हा मसला जाणून घेऊन जगाचा निरोप घेणे, न जाणता निरोप घेण्यापेक्षा बरे. फकीहांनी तो समजावून सांगितला, अल्-बिरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखवून पाठ केला. पाहुणे घराबाहेर पडून रस्त्याला लागले, तोच मागून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी आला. गझनी येथे इ.स. 1050 च्या सुमारास ही घटना घडली.

आयुष्याच्या शेवटच्या घटकेला त्यांनी जो प्रश्न विचारला, तो वाटपाचा होता, म्हणजे कोणाचा हक्क किती, हे अचूक जाणून घेण्याचा. दीनी ज्ञान आणि दुनियेचे ज्ञान अशा दोन पेट्या करून आपण मुलांच्या हाती एकच पेटी देतो. अल्-बिरूनींच्या घरी अशा दोन पेट्या नव्हत्या. किब्ल्याची दिशा, नमाजची वेळ, सोन्याची घनता आणि आजीचा वाटा, सर्व काही एकाच मीजानमध्ये होते. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी उद्या विज्ञानाचे पुस्तक उघडून द्रव्य आणि त्याचे गुणधर्म हा धडा वाचू लागेल, तेव्हा आपण त्याच्याजवळ बसावे, पेला पाण्याने भरावा, दोऱ्याला वजन बांधावे आणि सांडलेले पाणी मिळून मोजावे. अचूक मोजण्याची ती सवय पुढे दुकानात, कचेरीत आणि साक्ष देतानाही त्याच्या उपयोगी पडेल.

अल्लाह अबू रैहान अल्-बिरूनी यांच्यावर कृपावर्षाव करो आणि आपल्या सर्वांना खरे तोलण्याची, खरे बोलण्याची आणि उपयुक्त ज्ञान मिळवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.